पाटलाची शपथ आणि दमणची खाडी

सिल्व्हासातली जुनी मंडळी भेटली की कुणीतरी "सर, ते खाडीचं सांगा ना" म्हणतंच. मासे आम्ही फारसे पकडले नाहीत, किस्से मात्र टोपलीभर जमले. नव्वदच्या आसपासचे दिवस. मी शाळामास्तर, सावंत खडोलीच्या धाग्याच्या फॅक्टरीत सुपरवायझर आणि अमळनेरकडचा पाटील तिथेच धागा गुंडाळायच्या वाइंडिंग मशीनवर. चैत्र लागला की दर रविवारी दोन स्कूटर, तीन हलके रॉड आणि केसासारखी बारीक नायलॉनची दोरी घेऊन आम्ही दमणच्या खाडीवर!

*

खाडी आम्हाला सावंत शिकवायचे, कारण ते मालवणकडचे. पहिल्या रविवारी सकाळी नऊला खाडी काठोकाठ भरलेली. सावंतांनी घड्याळ पाहून जाहीर केलं, "नऊची भरती. लक्षात ठेवा."

पुढच्या रविवारी ठोक्याला नऊ वाजता पोचलो, तर समोर नुसता चिखल! जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, तमारी फॅक्टरीमां शिफ्ट नथी बदलाती?"

"बदलते ना, दर आठवड्याला," सावंत म्हणाले.

"तो दरियानी पण बदलाय."

परतताना कळलं की सावंतांचं गाव समुद्रापासून पार लांब, घाटाच्या पायथ्याशी आहे.

*

पाटलाने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा रॉड हातात मिळताच त्याने तो असा काही मागे फिरवला की गळ मागच्या स्कूटरच्या सीटमध्ये घुसला. दोरी ताणली तसा हा नाचायलाच लागला, "लागला सर, लागला! लई मोठा आहे!"

सावंत म्हणाले, "पाटील, त्याला दोन चाकं आहेत."

*

एका रविवारी तिघेही कोरडे. सावंतांनी परतताना वापीच्या बाजारात स्कूटर थांबवली आणि एक चांगला पापलेट घेऊन घरी गेले. "मीच पकडला," म्हणाले. सावंतवहिनींनी साफ करायला घेतला, कल्ल्यात बोट घातलं आणि बर्फाचा खडा बाहेर काढला.

"खाडी बरीच गार होती वाटतं," त्या म्हणाल्या.

ही बातमी संध्याकाळपर्यंत आमच्या वस्तीत, डोकमर्डीभर झाली. तेव्हापासून आमच्या बायका आधी कल्ल्यात बोट घालायच्या, मगच विळी घ्यायच्या.

*

त्या प्रकाराने पाटील पेटला. सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या गळाला लागंल तवाच माझ्या घरात मासळी शिजंल. तोवर नाही!"

त्याची बायको मंदावहिनी तापीकाठची, मासळी म्हणजे जीव की प्राण. शपथ घेतली पाटलाने आणि उपास घडला तिला. दर रविवारी हा रिकाम्या हाताने यायचा आणि वहिनी बटाटे चिरायला घ्यायच्या. असे तीन उन्हाळे गेले. मला त्या माउलीची फार कणव यायची.

*

चौथ्या उन्हाळ्यात पाटील म्हणाला, "सर, वडलांना शेती होत नाही. आखाजीला गावी जातोय, आता परत येणं नाही." म्हणजे आखाजीआधीचा, आपल्या अक्षय्य तृतीयेआधीचा रविवार हा शेवटचा.

ओहोटी लागली होती. आम्ही सामान आवरायला घेतलं आणि पाटलाचा रॉड वाकला. पाण्यातून हातभर लांब जिताडा उसळला! एवढी बारीक दोरी आणि असलं धूड! सावंत किंचाळले, "खेच, खेच!" मीही तेच ओरडलो.

पाटील मात्र शांत. दोरी तर्जनीवरून सरकवत म्हणाला, "साहेब, रोज आठ तास हेच करतो मी. ताण आला की खेचायचं नसतं. सोडायचं."

मासा ओढायचा तेव्हा हा सोडायचा, मासा दमला की गुंडाळायचा. शेवटी जिताडा चिखलावर आडवा झाला आणि सावंत चक्क रडायला लागले.

डोकमर्डीला पोचलो तर मंदावहिनी दारातच बसून बटाटे चिरत होत्या. पाटलाने जिताडा त्यांच्यापुढे ठेवला आणि नुसता उभा राहिला.

वहिनींनी एका कल्ल्यात बोट घातलं. मग दुसऱ्या कल्ल्यात घातलं. बोट पदराला पुसलं आणि चिरलेले बटाटे उचलून शेजारणीला देऊन आल्या.