हरणासाठी घेतलेली सुरी

चामड्याला लावायच्या तेलाचा वास आला की दोन हजार पाच सालचं ब्रेडा शहरातलं शिकारीच्या सामानाचं अंधारं दुकान आठवतं. माझा डच भागीदार हरणाच्या शिकारीला निघाला होता, सुरी निवडायला मला दुकानात घेऊन आला होता आणि शिकारीनंतरच्या जेवणाला त्याच्या घरी मला पहिल्यांदाच बोलावणं होतं. गावी बकरी सोलण्यात माझा हात बसलेला, म्हणून जड सुऱ्या सारून मी आखूड पात्याची हलकी सुरी उचलली. “ही घे, मनगट भरून येणार नाही.” मग सवयीनं म्यान फुकट मागितलं. दुकानदार हसला, तसा माझा आवाज चढला. “पुरे! मला इथे पुन्हा यायचंय,” भागीदार लाल होत पुटपुटला. म्यान मिळालं, पण जेवणाचा विषय पुन्हा निघाला नाही. सोमवारी ऑफिसात सगळे त्याच्या घरी खाल्लेल्या हरणाच्या मटणाची तारीफ करत होते. सुरी कशी चालली, एवढं तरी त्यानं सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.