बॅटरीच्या खोक्यातला पालक

गल्लीत त्याला सगळे बॅटरीवाला म्हणत. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या प्लेटी काढायच्या, नव्या बसवायच्या. चाळीस वर्षं हाच धंदा. म्हातारा कामाला वाघ, पण हट्टी असा की विचारू नका. आणि वस्तू टाकायची म्हटलं की याच्या जिवावर यायचं. प्लेटी काढल्यावर काळी खोकी उरायची, जाड, दणकट. "अशी कुंडी विकत तरी मिळेल का?" म्हणत त्याने एकेक करून चौदा खोकी घरी आणली, मधले कप्पे तोडले, बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि गच्चीवर ओळीने मांडली.

बरं, बेफिकीर होता असंही नाही. ॲसिड काय असतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याची एकही पँट धड नव्हती. म्हणून प्रत्येक खोकं सोड्याच्या पाण्याने तीनतीनदा धुतलं आणि शेवटचं पाणी जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. आंबट लागलं नाही, म्हणजे झालं! या धंद्यातली माणसं असंच पाहतात. शिसं असं जिभेला सापडत नाही, हे कुणी त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही.

हा सगळा खटाटोप नातीसाठी होता. जावई पसार झालेला, लेक दिवसभर एका लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करायची, आणि पाच वर्षांची पोर आजोबाच्या गळ्यात. तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून तिचं नावच बडबडी पडलं होतं. म्हातारा दुकानातून दुपारी यायचा तो तसाच, कपडे न बदलता, तिला कडेवर घेऊन गच्चीवर. ती पालक खुडायची, तो शिजवायचा.

वर्षभरात पोर उतरली. पोट दुखतं म्हणायची, उगाच रडायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे. पालेभाजी द्या भरपूर."

"घ्या! भाजीचं दुकान तर घरचंच आहे," म्हातारा म्हणाला, आणि त्या दिवसापासून तिला दोन्ही वेळा पालक सुरू झाला. ती जितकी पांढरी पडे, तितका हा जास्त वाढी. आणखी चार महिने असेच गेले. बडबडी बोलताना अडायला लागली. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच राहायचा. एक दिवस ती जिन्यात कोसळली, तेव्हा म्हाताऱ्याने आणि लेकीने तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद दोनदा वाचला. मग म्हाताऱ्याला विचारलं, "काम काय करता?"

"बॅटऱ्यांचं."

"तिथलं काही घरी आणता?"

"खोकी आणतो. त्यात भाजी लावतो," म्हातारा अभिमानाने सांगायला लागला. "फवारणी नाही, काही नाही. पोरीला रोज ताजा पालक."

बाईंनी पेन खाली ठेवलं. शिसं मातीत उतरतं, मातीतून पानात जातं, त्याच्या कपड्यांवरून, नखांतून पोरीच्या अंगावर येतं, हे त्यांनी हळूहळू, समजेल असं सांगितलं. भाजी बंद करा आणि तिला या कामापासून लांब ठेवा, म्हणाल्या. औषधाने रक्तातलं उतरेल.

"आणि बोलणं?" लेकीने विचारलं.

"थोडं येईल परत. सगळं येईल असं मी म्हणणार नाही."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा. घरी येताना म्हातारा लेकीला म्हणाला, "बोल मला काहीतरी. शिव्या दे."

"काय बोलू, बाबा? ताटात पालक उरला की रागावून मीच तो तिला खायला लावायचे."

त्याच संध्याकाळी त्याने चौदाही खोकी गच्चीवरून काढून टाकली. लेकीने लॉन्ड्रीजवळ एक खोली घेतली. म्हाताऱ्याला दुसरं काही येत नव्हतं आणि या वयात त्याला दुसरीकडे कुणी कामावर ठेवणारही नव्हतं, म्हणून तो मागे राहिला.

निघायच्या दिवशी त्याने अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, रक्त येईपर्यंत नखं कापली. तरीही बडबडी हात पसरून आली तेव्हा तो दोन पावलं मागे सरला. आता स्वतःच्या धुण्यावर त्याचा काडीचा विश्वास राहिला नव्हता. त्याने हात पाठीमागे धरले. त्याला तिला उचलून घ्यायचं होतं, एवढंच हवं होतं.

पोर तशीच थांबली. आईकडे वळली आणि शब्द शोधत, अडखळत म्हणाली, "आजोबा... रागावलेत? मी तर... सगळा पालक... संपवायचे."