कोसॅकच्या हातातली गदा

"हे फूल नाही." स्क्रीनवर ट्रान्सलेटरची अक्षरं उमटली. व्हिडिओ कॉलवर ओलेनाबाई जोरात मान हलवत होत्या.

मी पवनीत घरी बसून व्हेक्टरची कामं करते. व्हेक्टर म्हणजे कितीही मोठं केलं तरी अस्पष्ट न होणारं रेषाचित्र. ऑर्डर नागपूरच्या एजन्सीकडून येते. ही ऑर्डर युक्रेनमधल्या एका खेड्याच्या झेंड्याची होती; ओलेनाबाई तिथल्याच. तिकडे खेड्यांनाही स्वतःचं बोधचिन्ह असतं. या चिन्हावर कोसॅक होता, म्हणजे त्या मैदानी मुलखातला जुना लढवय्या. मूळ फाइल नव्हती. मिरवणुकीचा एक धूसर फोटो तेवढा होता. कोसॅकच्या हातात मला कमळाची कळी दिसली, मी तीच काढली.

"मग काय आहे?"

"बुलावा."

"कोणाले बोलावू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मूठ उगारून दाखवली. त्यांच्याकडे बुलावा म्हणजे आखूड दांड्याची गदा, सरदाराची खूण. आपल्याकडे हिंदीत त्याचा अर्थ बोलावणं, हे मी सांगितलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या,

"बोलवायला तिथं कोणी नाही. युद्धात सगळे पांगले. मी गावच्या ऑफिसात होते. निघताना दार लावलं, झेंडा भिंतीवरच राहिला."

आई गेल्यापासून माझ्या घरात दिवसभर बोलायला कोणी नसतं. कॉल संपल्यावर ते जास्तच जाणवलं.

एजन्सीवाले विलासभाऊ वैतागले. "ताई, एका झेंड्याले किती वेळ लावून राहिल्या? गावात माणूसच नाही, तं झेंडा कायले पाहिजे त्यायले?"

"म्हणूनच पाहिजे, भाऊ."

गदा जमली. मग ओलेनाबाईंनी मिशीची टोकं खाली वळवायला लावली. मग कमरपट्ट्याचा लाल रंग. मग पुन्हा मिशी. विचारण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. तरी त्या कॉल करायच्या. मीही फाइल फायनल करत नव्हते.

पांगलेल्या गावकऱ्यांचा मेळावा ठरला, तेव्हा पाठवावीच लागली.

नंतर त्यांनी एक फोटो पाठवला. परक्या शहरातला हॉल, भिंतीवर नवा झेंडा, खाली मोजकी म्हातारी माणसं. बाकी खुर्च्या रिकाम्या. सोबत एकच ओळ: "गदा बरोबर आहे."

पुन्हा कॉल आला नाही. काम संपलं होतं.

एक मात्र शिकले. क्लायंटने ओके म्हटलं, तरी मूळ फाइल डिलीट करायची नाही. कोण जाणे, मिशी पुन्हा वळवायला सांगतील.