केळी आत, खिमा बाहेर

चाळीस वर्षं केळीची बाग केली, आणि म्हातारपणी मला केळी तळायला शिकवली ती लेकीने, फोनवरून. ती नोकरीसाठी पोर्तो रिकोला असते. तिथे गोड केळ्यांचे काप तळून त्यांचा थर लावतात, त्यावर खिमा, पुन्हा काप, आणि शेवटी फेटलेलं अंडं ओतून भाजतात. पास्तेलॉन म्हणतात त्याला. "आबा, रविवारी तुम्हीपण करा. फोन लावून सोबत जेवू," ती म्हणाली. तिची आई गेल्यापासून मी उभ्याउभ्या दोन घास खातो, हे तिला कसं कळलं कोण जाणे.

"जाड सालीची, भाजीची केळी पिकवून घ्या," असं तिने दोनदा बजावलं. मी हसलो. धरणगावच्या बागवाल्याला केळं शिकवते. घरात पिकत घातलेल्या घडातली पिवळीधमक केळी घेतली. तेलात पडताच काप विरघळले आणि कढईत शिरा झाला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ते काही खोटं नाही.

खिमा अंगणातल्या चुलीवर शिजला. बायको माळकरी होती. मटणाची पातेली, पळी, माझं ताट, सगळं गोठ्याच्या भिंतीशी वेगळं. "तुमनं बठ्ठं बाहेरच ऱ्हाऊ द्या," असं ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणायची. मी अंगणात जेवायचो, ती उंबरठ्याच्या आत आपलं ताट घेऊन बसायची आणि तिथून बोलत राहायची. आतल्या माठाला मला हात लावायची बंदी. जेवण झालं की ती तांब्या आणून माझ्या हातांवर वरून पाणी घालायची.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता खिमा आत नेला तर अडवणारं कोणी नाही. तरी केळी मीच आतून बाहेर आणली. खिमा आत न्यायचा धीर झाला नाही. पातेल्यात थर लावले, झाकणावर निखारे ठेवले, बट्टीला ठेवतो तसे.

संध्याकाळी फोन लागला. लेकीकडे सकाळ होती, तिने न्याहारीलाच ते केलं होतं. माझा लगदा बघून ती पोटभर हसली. चव मात्र बरी होती. गोड आणि तिखट एकत्र, पहिल्यांदाच. खूप दिवसांनी मी बसून जेवलो, पोटभर जेवलो.

जेवण संपलं. मी खरकटे हात पुढे धरले आणि दाराकडे बघून म्हणालो, "पानी टाक वं."

उंबरठ्यावर कोणी नव्हतं. मला फार एकटं वाटलं. फोनवरून लेक म्हणाली, "आबा, हात धुऊन या. मी थांबते."

नळाची तोटी कोपराने उघडली, हात धुतले. परत आलो तेव्हा ती तशीच बसून होती, तिचाही हात खरकटाच होता.