पटका, पण शिट्टीनंतर

लोणंद स्टेशनवर गाडी येईपर्यंत सलीमची बडबड चालूच होती. सलीम म्हणजे माझे मिस्टर. "अगं, सराव सामना तो! त्याचा निकाल कोण धरतंय? आन् त्यापायी तू कांडप बंद ठेवून सांगलीला निघालीस?" आमचं मिरची कांडप (मसाला कुटून द्यायची गिरणी) आहे, आणि सणाच्या तोंडावर ते बंद ठेवायचं म्हणजे गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या. मी म्हटलं, "खाईन शिव्या. पण आज जाणार म्हणजे जाणार." अंगात हळदी रंगाची जर्सी, वरून ओढणी, पिशवीत चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी. गाडी हलली तसा बिचारा हात हलवत राहिला.

हे वेड जुनं आहे. साताऱ्याला कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचे. उंची जेमतेम, पण पायाला भिंगरी. लग्न झालं, खेळ सुटला, वेड काही सुटलं नाही. व्यावसायिक संघांची स्पर्धा सुरू झाली तसा मी हा हळदी जर्सीवाला संघ आपला मानून टाकला. तिकडे मिरची कुटली जात असते, मी शिंकत असते आणि मोबाइलवर सामना चालू असतो. हंगामाच्या आधी हे संघ कुठंकुठं सराव सामने खेळतात. यंदा आमचे लोक सांगलीत उतरणार म्हटल्यावर मी घरी बसेन होय?

शिवाय सामना नुसता सरावाचा नव्हता. बारा जणांच्या संघातले अकरा पक्के झाले होते. बाराव्या जागेसाठी दोघं होते, एक हरियाणाचा आणि एक आपल्या तासगावचा, अभिजित. सांगलीचा सामना बघून काय ते ठरवतो, असं कोचनं जाहीर करून टाकलं होतं. माझा जीव कुणात अडकला होता ते सांगायला नको.

आदर्कीच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली की डब्यातली पोरं बोंब ठोकतात आणि मोठी माणसंही हळूच आपला आवाज त्यात मिसळून घेतात. मीही घेतला. साताऱ्याला डबा भरला. रहिमतपूरला एक आजी शेजारी येऊन टेकल्या आणि माझ्या पिवळ्याजर्द जर्सीकडे बघत बसल्या. शेवटी राहवेना.

"कुनाची हळद हाय गं पोरी?"

"हळद नाही आजी, सामना आहे. बास्केटबॉलचा."

"आन् तू खेळनार व्हय?"

"नाही, बघणार."

"मंग येवढं नटायचं कशाला?" म्हणत त्यांनी पिशवीतला पेरू काढून माझ्या हातावर ठेवला. त्या कराडला उतरल्या. कराडच्या पुढे दोन्ही अंगांना ऊसच ऊस, मधूनच एखादी द्राक्षबाग. माझं लक्ष मात्र घड्याळाकडं.

भिलवडीला डब्यात आधी दोन हलग्या (काठ्यांनी वाजवायचं डफासारखं वाद्य) शिरल्या, मग त्या गळ्यात अडकवलेली दोन माणसं, आणि त्यांच्या मागून पांढऱ्या टोपीतले एक थोराड गृहस्थ. मान जाड, कान मुडपलेले. तालमीत वाढलेला माणूस लांबून ओळखू येतो. ते माझ्यासमोर बसले आणि एकदम ओरडलेच, "आवं ताई, ही तर आमच्या अभ्याची जर्सी!"

"अभिजितची? तुम्ही त्याचे कोण?"

"बाप हाय मी त्येचा. रावसाहेब म्हनत्यात मला."

मी जागेवरून उठायचीच बाकी राहिले. त्यांना मी तिथल्या तिथं मामा करून टाकलं. मामा सांगत होते, "छाटनी सुरू हाय द्राक्षाची. बागंत मानसं लावलीत आन् तसाच निगालोय. लय इच्छा हुती ताई, पोराला पैलवान करायची. मी सोता मैदानं मारलेला गडी. पोरगं धा वर्साचं हुईपातुर तालमीत हुतं, मंग ह्या चेंडूच्या नादाला लागलं. रागच धरला म्या. त्येचा एक बी सामना बगितला न्हाई आजवर. आज पयल्यांदा चाललोय."

त्यांनी पिशवीतून केशरी पटका (म्हणजे फेटा) काढून दाखवला. गावच्या तालमीचा होता. कुस्ती मारली की लोकांनी हलगी वाजवत मैदानात शिरायचं आणि पैलवानाला तिथंच पटका बांधायचा, ही त्यांच्याकडची रीत. "तालमीत ठराव झालाय, आज पोरानं काय करून दावलं तर बांदूनच यायचा," मामा म्हणाले. हलगीवाल्यांनी माना डोलावल्या. नांद्रे मागं पडेपर्यंत मी त्यांना रिंग, दोन गुण, तीन गुण, फाउल, सगळं समजावलं. जी गोष्ट सांगायला हवी होती तेवढीच राहिली. पण ती सांगायला हवी हे कुणाच्या बापाला सुचलं असतं?

सांगलीत उतरलो. रिक्षा हळदीच्या अडतींवरून गेली तेव्हा तो उग्र, मातकट वास नाकात भरला आणि माझी जर्सी एकदम गावातलीच वाटायला लागली. मामांनी भडंग घेतलं (लसूण-मसाला लावलेले कुरकुरीत चुरमुरे). मी माझ्या चपात्या सोडल्या. एका झाडाखाली उभ्या उभ्या चौघांची पंगत झाली. सांगलीचं भडंग हातात आलं की माणूस थांबत नाही, पुडा रिकामा झाल्यावरच मान वर करतो.

क्रीडागृहाच्या दारात माझी फजिती झाली. पास मोबाइलमध्ये, आणि मोबाइल गाडीतच बंद पडलेला. दारावरचा स्वयंसेवक ऐकेना. मामा खेळाडूच्या घरच्यांच्या रांगेत होते. त्यांनी मागं वळून बघितलं आणि सरळ म्हणाले, "त्येंना सोडा. पोराची आत्या हाय."

"नाव काय तुमचं?" स्वयंसेवकानं मला विचारलं.

"शबाना."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मामांच्या टोपीकडं. मामांनी छाती पुढं काढली. "व्हय, शबाना. माजी भन हाय. काय अडचन हाय का?"

काहीच अडचण नव्हती. पास चालला असता तर कुठंतरी वरती कोपऱ्यात बसले असते. आत्या झाले म्हणून संघाच्या बाकामागं, घरच्या लोकांच्या खुर्च्यांत बसले. हलगीवाले आमच्या मागं.

आणि मग आमचे लोक मैदानात आले. अहाहा! मोबाइलच्या वीतभर काचेत ही माणसं किती लहान दिसतात हो! कॅप्टन लुधियानाकडचा सरदार, त्याच्या पंजात बॉल पेरूएवढा दिसत होता. धावत आला, उडाला आणि रिंगला असा लोंबकळला की सगळा सांगाडा करकरला. लाकडी फरशीवर बुटांचे आवाज, घामाचा वास, एकमेकांना घातलेल्या हाका, हे मोबाइलवर कधी कळलंच नव्हतं. एक जण एकीकडं बघत होता आणि बॉल दुसरीकडं देत होता, आणि दुसरा बरोबर तिथं पोचलेला. वर्षानुवर्षं एकत्र स्वयंपाक करणाऱ्या जावांना जसं न बोलता कळतं तसं. मी तोंडावर ओढणी धरून रडले. आनंदानं रडले, उगाच का लपवू?

समोरचा निळा संघही काही कमी नव्हता. दोन क्वार्टर गुण मागं-पुढं होत राहिले. अभिजित बाकावर. मामा दर दोन मिनिटांनी, "घेतला का? आता घेत्यात का?" तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोचनं बोट केलं आणि पोरगं उठलं. कोच केरळचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहऱ्यावर माशी हलत नाही.

अभिजितनं पहिल्याच झटक्यात निळ्यांच्या ताडमाड गड्याच्या हातातून बॉल काढला, पळत सुटला आणि रिंगखालून अलगद आत टाकला. बास्केट! मी उभी राहून किंचाळले. आणि बघते तर शेजारची खुर्ची रिकामी.

मामा मैदानात. हातात पटका उलगडलेला, मागं दोन हलगीवाले, कडकडाट सुरू. त्यांच्या लेखी पोरानं कुस्ती मारली होती, विषय संपला होता! मी शर्ट धरायला हात टाकला तो हवेतच राहिला. निळ्या संघानं तर खेळ पुन्हा सुरूही केला होता. मामांनी अभिजितच्या डोक्याला पहिला वेढा दिला आणि त्याच वेळी निळ्यांचा बॉल थाडकन मामांच्या पाठीत बसला.

शिट्टी. सगळं थांबलं. हलगीसुद्धा.

घरची माणसं संघाच्या बाकामागची, म्हणून पंचांनी फाउल संघावरच लावला. निळ्यांना एक फ्री थ्रो मिळाला आणि त्यांनी तो टाकला. लोक हसत होते. अभिजितचे कान लाल झाले होते. त्यानं पटका सोडवला, नीट गुंडाळून बापाच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "आण्णा, बाहेर थांबा." कोचनी मामांकडं बघितलंसुद्धा नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मी मामांच्या मागोमाग बाहेर गेले. ते पायरीवर बसले होते, टोपी काढून. "माज्यामुळं गेलं ताई. इतकी वर्सं आलो न्हाई, त्येच बरं हुतं. पोराचं वाटुळं केलं म्या."

शेवटचा क्वार्टर आत चालू होता, ज्याच्यासाठी मी कांडप बंद ठेवून आले होते. पण ह्या माणसाला एकटं टाकून आत जाववेना. मग मी दाराच्या फटीला डोळा लावला आणि त्यांना सांगायला लागले. "मामा, अभिजितला काढला नाही. अजून खेळतोय."

"खरंच?"

"आता तो मोठा गडी चालून आलाय. अभिजित समोर उभा... अगं बाई, धडकला! अभिजित पडला."

"पाठ टेकली?"

"टेकली."

मामांनी कपाळावर हात मारला. "मंजे गेला."

"अहो नाही! बॉल आपल्याला दिला! तुम्ही पाय रोवून उभे असताना कुणी धडकला तर चूक त्याची असते. इथं पाठ टेकून जिंकतात, मामा!"

"ही कसली उलटी कुस्ती वं?" म्हणत मामा उठले आणि दुसऱ्या फटीला लागले. थोड्या वेळानं तोच ताडमाड गडी पुन्हा आला. अभिजित गुडघ्यांत वाकून, पाय फाकून उभा. धडक बसली, पोरगं पाठीवर, बॉल आमचा. सगळा बाक उठून त्याला उचलायला धावला. मामांनी माझा दंड घट्ट धरला होता.

"पाय बगितलं का ताई? ह्यो पवित्रा माजा हाय. धाकटा हुता तवा म्या शिकीवलाय त्येला. म्या म्हनायचो, तालीम सोडली ह्येनं."

शेवटची शिट्टी झाली. आम्ही एका गुणानं हरलो. मामांना गुण कळत नव्हते, पण एक म्हणजे किती ते कळत होतं. "त्यो एक माजाच न्हवं?" त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि कोच बाहेर आले. "पगड़ी किसने बाँधी थी?"

मामा हात जोडून उभे राहिले. "चुकी माजी हाय साहेब. पोराला कायबी करू नका."

कोचनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, मामांच्या मुडपलेल्या कानांकडं नीट बघितलं. "अगली बार सीटी के बाद. पहले सीटी, फिर पगड़ी." आणि आत निघून गेले.

मामा माझ्याकडं वळले. "काय म्हनलं वं?"

"म्हणाले, पुढच्या वेळी शिट्टी झाल्यावर बांधा."

"फुडच्या येळी?"

"पुढच्या वेळी."

तेवढ्यात अभिजित आला. बापाच्या पायाशी पायरीवर खाली बसला, कारण उभा असता तर मामांचा हात त्याच्या डोक्याला पोचला नसता. "बांदा, आण्णा. घेतलं मला." मामांच्या हातून पटक्याचा शेव दोनदा सुटला. शेवटी कसाबसा बसला, जरा वाकडाच. हलगीवाल्यांनी काठ्या उचलल्या आणि विचारलं, "वाजवू का आता?"

मामांनी बंद दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ताई, शिट्टी झाली न्हवं?"

"कवाच झाली, मामा," मी म्हटलं.

मग जी हलगी कडाडली! आवाज ऐकून सगळा संघ बाहेर आला आणि लुधियानाचा तो कॅप्टन हलगीच्या ठेक्यावर दोन्ही हात वर करून असा नाचला की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. एवढी मोठी माणसं, आणि पायरीवरच्या एका पोरासाठी केवढी खूश झाली होती. हाच माझा संघ. निवडताना मी चुकले नव्हते.

संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले. भिलवडीला मामांनी उतरता उतरता बेदाण्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. लोणंदला सलीम स्टेशनवर हजर. त्यानं मोबाइलवर निकाल बघितला होता. "हरला की तुमचा संघ! तेबी एका गुणानं. वाईट वाटून घेऊ नकोस." मी बेदाणे खात हसतच सुटले, आणि तो आपला चिंतेत पडला.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला मामांनी आत्याला आवतण दिलंय. बरोबर कामही लावून दिलंय, शेजारी बसायचं आणि शिट्टी झाली की सांगायचं. कांडप त्या दिवशीही बंद राहील.