खाँसाहेबांनी लपवलेला अंतरा

माझे वडील, अण्णा, जालन्याच्या मुन्सफ कोर्टात वकील होते आणि हकीमसाहेब त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. त्या दुपारी नमाज आटोपला की हकीमसाहेब थेट आमच्या बैठकीत यायचे आणि जोडे काढता काढताच भांडायला लागायचे. भांडण जमिनीचं नव्हतं, धर्माचंही नव्हतं. फार वर्षांपूर्वी मरून गेलेल्या दोन माणसांपैकी ख्यालाच्या चिजा, म्हणजे बंदिशी, जास्त चांगल्या कुणी बांधल्या, एवढाच वाद होता.

त्यातले एक दिल्ली दरबारातले आणि दुसरे दखनेत कुठल्याशा दर्ग्यात राहून गाणारे. दोघांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांचे अभिमानी अजून हयात आहेत आणि या वयात मला नवं भांडण झेपणार नाही. आमच्या घरात त्यांना दिल्लीवाले आणि दखनवाले म्हणत. अण्णा दिल्लीवाल्यांच्या बाजूनं कोर्टात उभं राहिल्यासारखे बोलायचे. "समेवर कसा येतो पघा. पुकारा झाला की हजर. एक मिनिट लवकर न्हाई, उशीर न्हाई." हकीमसाहेब त्यांची नाडी धरल्यासारखं मनगट धरून म्हणायचे, "वकीलसाब, तुमाला पित्त झालंय. आठ दिवस दिल्लीवाल्यांचं पथ्य पाळा, दखनवाले सकाळ-संध्याकाळ घ्या."

जेवणाआधी कुणाचं ऐकावं, जेवणानंतर कुणाचं, ताप आला तर कुणाचं, इथपर्यंत त्यांची तुलना जायची. आई चहा पाठवताना मला म्हणायची, "मेलेली माणसं शांत झोपली असतील, हे दोघं त्यांना उठवून राह्यलेत."

अण्णा आणि हकीमसाहेब, दोघंही खाँसाहेबांकडूनच गाणं शिकले होते. खाँसाहेब सत्तरीच्या पुढचे, सडसडीत, डोळ्यांत सुरमा. शुक्रवारी तेही यायचे. अण्णा आणि हकीमसाहेब गादीवर लोडाला टेकून, आणि खाँसाहेब समोर सतरंजीवर, तंबोऱ्यापाशी. असं का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता, मलाही नाही. मी अठरा वर्षांची होते. आठवड्यातून दोनदा खाँसाहेब मला माजघराच्या दारात बसून शिकवायचे. परक्यांसमोर गायचं नाही, या अटीवर अण्णांनी परवानगी दिली होती.

खाँसाहेबांची एक रीत होती, आणि ती त्यांच्या उस्तादांकडून आलेली होती. चिजेचे दोन भाग असतात, अस्थाई आणि अंतरा. बांधणाऱ्याची छाप, म्हणजे त्यानं घेतलेलं नाव, बहुतेक वेळा अंतऱ्यात येतं. खाँसाहेब शिष्याला अस्थाई लगेच द्यायचे, अंतरा मात्र मनात येईल तेव्हा. "अंतरा पकने दो," एवढंच म्हणायचे. त्यांना स्वतःला पहिला अंतरा मिळाला तो बारा वर्षं उस्तादांचे जोडे सरळ केल्यावर. उस्ताद निघायच्या आधी दारातले त्यांचे जोडे उचलायचे, पुसायचे, तोंड रस्त्याकडे करून ठेवायचे, ही शागिर्दाची पहिली खूण. अण्णांनी आणि हकीमसाहेबांनी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा "वा" म्हटलं होतं. खाँसाहेबांचे जोडे मात्र दारात एक इकडे, एक तिकडे पडलेले असायचे.

तर भीमपलासातली एक अस्थाई खाँसाहेबांनी या दोघांना दिली होती आणि सात वर्षं झाली तरी अंतरा दिला नव्हता. छाप कळली नव्हती, म्हणजे सात वर्षं भांडायला रान मोकळं होतं. अण्णांनी ती दिल्लीवाल्यांची ठरवली, हकीमसाहेबांनी दखनवाल्यांची. बाकीच्या चिजांवर ते वाद घालायचे, या चिजेवर जीव टाकायचे. एका अंगारकीला अण्णा राजूरच्या गणपतीला निघाले, तर हकीमसाहेब गाडीत येऊन बसले आणि अख्खा रस्ता दोघं याच अस्थाईवरून भांडत गेले. अण्णांनी गणपतीला नवस केला, अंतऱ्यात दिल्लीची छाप निघू दे, एकवीस अंगारक्या पायी येईन. बाहेर लिंबाखाली प्रसादाचा नारळ खात बसलेल्या हकीमसाहेबांनी तिथूनच दर्ग्याला चादर बोलून टाकली.

पुढं ती अस्थाई मलाही मिळाली. दोन-तीन दिवस मी नुसते सूर घोटले. मग एकदा भाजी निवडताना गुणगुणत होते आणि शब्द कानावर पडले. "द्वारे ठाड़ी दोऊ झगरत, मैं मन में मुसकाऊँ." दारात उभ्या दोघी भांडतात आणि मी मनातल्या मनात हसते. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

पुढच्या शिकवणीला मी भाजी निवडतानाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "खाँसाहेब, या दोघी म्हणजे अण्णा आणि हकीमसाहेब ना?"

खाँसाहेबांनी आधी बैठकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता डोळ्यांतला सुरमा गालावर आला. "सात साल लगे," ते म्हणाले, "और पकड़ी किसने? भाजीवाली ने."

चीज त्यांनी स्वतःच बांधली होती. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला अण्णांचा राग आला. या घरी यायला लागले त्या पहिल्या वर्षी त्यांनी आपली एक चीज गायली होती, आणि ही माझी, असं आधीच सांगून बसले होते. अण्णा म्हणाले, "बरी जमलीय." हकीमसाहेब म्हणाले, "माशाअल्लाह. आता कायतरी अस्सल होऊ द्या." ते "अस्सल" खाँसाहेबांना लागलं. त्यांनी आयुष्यभर चिजा बांधल्या होत्या आणि लोक त्यांना दुसऱ्यांच्या चिजा पोचवणारा टपालवाला समजत होते. म्हणून त्यांनी ही चीज छापेशिवाय दिली. या दोन जाणत्यांनी तिला निर्मळ कानांनी ऐकावं, मोठ्यांच्या रांगेत बसवावं, आणि मग नाव कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आता मुलगी त्यांना हैदराबादला बोलावत होती. होळीनंतर ते कायमचे जाणार होते.

"मंग सांगून टाका ना," मी म्हणाले.

"डर लगता है, बेटी," ते म्हणाले. "नाव ऐकून पुन्हा 'बरी जमलीय' बोले तो?"

त्या दिवसापासून मी दोन्हीकडून काड्या घालायला लागले. अण्णांना सांगायची, "खाँसाहेब काल म्हणत होते, अशी चीज दरबारातच व्हायची." हकीमसाहेबांना चहा देताना हळूच म्हणायची, "ही लय दर्ग्यातली वाटते, नाही?" दोघंही फुगून दुप्पट भांडायचे, आणि भांडणात चिजेची अशी स्तुती करायचे की सतरंजीवर बसलेले खाँसाहेब मान खाली घालून तंबोऱ्याच्या खुंट्या उगीच पिळत बसायचे. एका शुक्रवारी तर माझी जीभ फारच वळवळली. मी माजघरातून विचारलं, "अण्णा, या चिजेत शब्द काय आहेत हो?"

खाँसाहेबांना जोराचा ठसका लागला.

"शब्द?" अण्णा म्हणाले. "कायतरी द्वारे-बिरे असंल. अगं, शब्द म्हंजी सुराला धरायची दांडी. पानी प्यायचं का दांडी चाटायची?"

"बराबर," हकीमसाहेब म्हणाले. "शब्द ऐकायचे तर भजनाला जावं." एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं सात वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं.

होळीनंतरचा शुक्रवार आला. संध्याकाळच्या गाडीनं खाँसाहेब जाणार होते, दारात टांगा सांगून ठेवला होता. अण्णांना जेवण गेलं नव्हतं. हकीमसाहेब नमाजाहून सरळ आले आणि न भांडता बसले, तेव्हाच मला भडभडून आलं.

"खाँसाहेब," अण्णा म्हणाले, "तुमी चालले. आता तरी अंतरा द्या. माझा नवस अडकून पडलाय."

"माझी चादर बी," हकीमसाहेब म्हणाले.

खाँसाहेबांनी तंबोरा उचलला आणि माजघराच्या दाराकडं पाहिलं. "मैं नहीं. बेटी गाएगी." अंतरा त्यांनी मला आठ दिवसांपूर्वीच दिला होता. मी अण्णांकडं पाहिलं. परक्यांसमोर नाही, ही अट त्यांनाही आठवली असावी, पण अंतऱ्यापुढं त्यांनी ती गिळली.

मी दारातच बसून अस्थाई गायले, आणि या वेळी एकेक शब्द घासून पुसून ठेवावा तसा म्हटला. "द्वारे ठाड़ी दोऊ झगरत, मैं मन में मुसकाऊँ." हकीमसाहेबांची मान डोलता डोलता थांबली. मग मी अंतरा घेतला. "जाको ढूँढत देस बिदेस, सो तो आँगन माहीं." दूरदेशी ज्याला शोधताय तो तुमच्या अंगणातच आहे. आणि पुढं वरच्या षड्जावर छाप. ती दिल्लीची नव्हती, दखनेचीही नव्हती. समोर सतरंजीवर बसलेल्या माणसाचं नाव होतं ते.

तंबोरा वाजत राहिला.

मग अण्णा, वकील ते वकीलच, म्हणाले, "तरी मी म्हणत व्हतो, दखनवाल्यांची न्हाई."

"मी तरी कुटं दिल्लीची बोल्लो?" हकीमसाहेब म्हणाले.

मला वाटलं, संपलं. आता "बरी जमलीय" येणार. खाँसाहेबांनी तंबोरा भिंतीला टेकवला आणि कुणाकडंही न बघता उठायला लागले. म्हातारं माणूस, गुडघ्यावर हात ठेवून उठत होतं, आणि दोघं गादीवरून नुसते बघत होते. मला दोघांचा इतका संताप आला की मी काहीतरी वेडंवाकडं बोलणारच होते.

तेवढ्यात अण्णा गादीवरून उतरले. खाँसाहेबांच्या पुढून, जवळजवळ पळतच, दाराशी गेले आणि खाली बसून त्यांनी खाँसाहेबांचा उजवा जोडा उचलला. उपरण्याच्या टोकानं पुसला. डावा घ्यायला हात पुढं केला तर तो हकीमसाहेबांच्या हातात होता.

"सोडा, हकीमसाहेब."

"तुमी सोडा. सात साल माझे बी गेले."

"मी आधी उठलो."

"मी आधी समजलो. शब्दावर मान कुणाची थांबली, इचारा पोरीला."

दोघं पन्नाशीचे इभ्रतदार गृहस्थ दारात उकिडवे बसून, एकेक जोडा छातीशी धरून भांडत होते. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघंही ते दुसऱ्याला दिसू नये म्हणून मोठ्यानं बोलत होते. बाहेर टांगेवाला गाडीची वेळ झाली म्हणून ओरडत होता. खाँसाहेब मधोमध अनवाणी उभे होते. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं, आणि या वेळी मनात नाही, चांगले तोंडभर हसले.