टेलरमामाचं मशीन

आमच्या वस्तीत नवा कपडा शिवायची ऐपत कुणाचीच नव्हती आणि त्यावरच टेलरमामाचं पोट चालायचं. थोरल्याची पँट धाकट्याला बेतून द्यायची, झिजलेली कॉलर उलटून लावायची, चेन बदलायची. दुकान म्हणजे माझ्या सलूनच्या भिंतीला टेकलेलं एक मशीन आणि वर पत्रा. माणूस तोंडाचा तिखट. "मापं लिहून कशाला ठेवू? इथं कुणी जाड होतंय का?" असं गिऱ्हाइकालाच विचारायचा.

मग दर रविवारी कॉलेजची पोरं टेम्पोभर कपडे घेऊन यायला लागली. पोरं खरंच गुणी, हे आधीच सांगतो. शिव्या घालाव्यात असं त्यांच्यात एकही नव्हतं आणि तिथंच सगळी पंचाईत होती. घरोघरी मागून आणलेले कपडे धुऊन, इस्त्री करून वाटायची. म्होरकी एक चष्मेवाली मुलगी, म्हाताऱ्यांशी बोलायला खाली बसायची. पहिल्या दिवशी मामानेच तिला स्टूल दिलं.

हळूहळू चेन बिघडली की लोक पँटच टाकून द्यायला लागले. रविवारी दुसरी मिळणारच होती, मग शिवून कोण घेतंय? मी गमतीने म्हणायचो, "मामा, केस कुणी दान करत नाही म्हणून मी वाचलो. नाहीतर मीही बाराच्या भावात गेलो असतो." मामा हसायचा. पुढे हसेनासा झाला. नुसताच मशीनला तेल घालत बसायचा. माझ्याच्याने बघवत नसे.

शेवटी त्याने मशीन विकायला काढलं. मामी म्हणाली, "शाळा सुरू होईपर्यंत तरी थांबा. नातीचा फ्रॉक होऊ दे." दरवर्षी तो नातीचा फ्रॉक स्वतः शिवायचा, ती वाढेल म्हणून खालची दुमड मोठी ठेवून. पण त्या रविवारी नातच ढिगातला तयार फ्रॉक घालून पळत आली. "आजोबा, याला खिसे आहेत." मामाने दुमड उलटून पाहिली. "चांगला आहे गं," म्हणाला.

तेवढ्यात चष्मेवाली आली. "काका, तुम्ही कधीच काही घेत नाही. सांगा ना, तुमच्यासाठी काय आणू?"

मामा म्हणाला, "पोरी, पुढच्या वेळी जरा फाटकं-उसवलेलं आणशील?"

"छे हो काका," ती म्हणाली, "फाटकं आम्ही कुणाला देतच नाही. एकेक कपडा तपासून घेतो." आणि तिने एक निळा शर्ट त्याच्या पाठीला लावून पाहिला. "बघा, अगदी तुमच्या मापाचा."

"खांदा उतरतोय," मामा म्हणाला.

"चालेल हो, घरात घालायला."

मी हातात वस्तरा घेऊन तसाच उभा होतो. त्या पोरीचा भयंकर राग आला आणि तो राग धरायला कुठे जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला हातगाडीवर मशीन घालून घेऊन गेला. त्यानंतर मामा माझ्याकडे दाढीला आला, तोच निळा शर्ट घालून. घरात सुई-दोरा होता. खांदा आत घेणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

त्याने घेतला नव्हता.